मनगटाशी जरा सैल

साक्री
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रज्ञास जयभीम.

आधी आली ती रत्ना. पोस्टमन हिलाल गाडी स्टँडला लावतोय न लावतोय तोच समोरच्या ओट्यावरून उठून ती आपल्या दारात. तिच्यामागे तिची सून. मग पाकीट घरात आलं आणि सगळ्यात शेवटी मी, कारण मी मागे शेळीला पाला टाकत होते. माझंच पाकीट आणि मीच शेवटी. हिलाल म्हणाला, अक्का, पाकिटात काहीतरी जाड आहे. रत्ना म्हणाली, फोड मंग. मी फोडलं.

तू कागदावर हात ठेवून, पेन्सिल फिरवून माप पाठवलंस, ते बरं केलंस. मागच्या पत्रात मीच मागितलं होतं. भट्टीतून ट्रे काढताना हात पोळतो म्हणालीस, म्हणून म्हटलं माझ्या नातीला मी माझ्या मशीनवर मोजे शिवून देते, जाड, अस्तराचे. इतका आनंद झालाय मला की काय सांगू. ब्लाउज शिवून जन्म गेला, पण भट्टीचे मोजे कधी शिवले नव्हते. तुझ्या आजोबांचं खाकी ब्लँकेट पेटीत पडून होतं, ते काढून उन्हात टाकलंय.

आता त्या हाताचं ऐक. रत्नानं कागद ओट्यावर पसरला आणि त्यावर आपला पंजा ठेवला. सगळीकडून एक एक पेर कमी पडला. मग सुनेचा ठेवून पाहिला, तो तर आत बुडालाच. रत्ना म्हणाली, "अक्का, हाऊ हात आपली प्रज्ञाना नही शे. मना घरवालाना बी इतला रुंद पंजा नही." मी म्हटलं, पीठ मळून मळून हात रुंद होतो. तिनं मान हलवली. तिचं ते मान हलवणं मला चाळीस वर्षं माहीत आहे, पटलं नाही की ती अशीच हलवते.

ती गेली, पण शंका ठेवून गेली. मी कागद भिंतीला टाचणीनं लावलाय. येता जाता तो हात माझ्याकडे बघतो.

प्रज्ञा, हा हात कुणाचा? तुझा बाप अजून काही बोललेला नाही, त्याला मी कागद दाखवलाच नाही. पण तुला ठाऊक आहे रविंद्र कसा आहे. लॅबमधली नोकरी ठीक म्हणतो, पण पोरीनं परगावी एकटीनं भट्टी पेटवून बसायची गरज काय, हे त्याचं रोजचं. एक वाकडी गोष्ट कानावर आली की सामानासकट परत आणतो म्हणतो. आणि तो बोलतो तसं करतो. रत्नाचं तोंड बंद राहावं म्हणून मी तिला गरम तवा धरायचं एक छान फडकं शिवून द्यायचं कबूल केलंय.

घरमालकांकडे कोण कोण राहतं ते परत एकदा नीट लिही. फोनवर सांगू नको. मला ऐकू येत नाही आणि तुझा बाप फोन स्पीकरवर लावतो, म्हणजे मला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. पत्रच लिही. साक्षरतेच्या वर्गात सत्तराव्या वर्षी पास झाले ती काय नुसती अंगठ्याची शाई पुसायला?

तुझी आजी
आक्काबाई
(सही मीच केलीय)


मेहरूण, जळगाव
११ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,
जयभीम.

हात माझाच आहे. ओव्हनचे मोजे सैल लागतात, म्हणून मी पेन्सिल मुद्दाम बाहेरून फिरवली. रत्नाकाकूंना सांग, उगाच तर्क करू नका.

घरमालक मांगीलालजी. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. घरात त्यांच्या पत्नी तारादेवी, मुलगा मनन, तो दुकानातच बसतो, आणि मुलगी चेलना, ती कॉलेजला जाते. ते खाली राहतात, वरची खोली आणि स्वयंपाकघर माझ्याकडे. जैन आहेत. खोली देतानाच सांगितलं होतं, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, बटाटासुद्धा नाही. मी सगळं पाळते. माझा केकही दही घालून फुगतो आणि छान फुगतो. लॅबमधून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी भाजते. आता ऑर्डरी वाढल्यात. आजी, हे जमलं तर दोन वर्षांत मी स्वतःचं छोटं दुकान बघीन. पण ओव्हन लावू देणारी खोली जळगावात मला आठ घरं फिरून मिळालीय, हे लक्षात ठेव.

मोज्यांबरोबर दोन एप्रन शिवशील? एक माझ्या मापाचा, तुला माहीतच आहे. दुसरा मोठा, कंबर चव्वेचाळीस. थंडीत स्वेटरवरून घालायला. मोठ्याला लाल कापड घे, पिवळे ठिपके असतील तर फारच छान.

सोबत नानकटाईचा डबा पाठवतेय. पप्पांना दे. गोडावर ते विरघळतात.

तुझी
प्रज्ञा


साक्री
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रज्ञास जयभीम.

नानकटाई पोचली. तुझ्या बापानं उभ्या उभ्या सहा खाल्ल्या आणि मग म्हणाला, जास्त गोड आहे. पण मी खायच्या आधी प्रत्येक उलटसुलट करून पाहिली. डब्यात दोन तऱ्हेच्या होत्या. वरच्या थरात काट्यानं रेघा ओढलेल्या, त्या तुझ्या, मी ओळखते. खालच्या थरात मात्र बोटांनी चिमटे काढून काढून फुलासारखी नक्षी केलेली. ही तुझी सवय नव्हे. एवढे चिमटे काढायला तुला धीर कुठला? तू लहानपणी भाकरी थापायला बसलीस तर तिसऱ्या भाकरीला उठून जायचीस.

आता हाताचं. पेन्सिल बाहेरून फिरवली म्हणतेस. बरं. बाहेरून फिरवली तर हात रुंद होईल, बोट सरळ कसं होईल? तू सहा वर्षांची असताना माझ्याच पेटीचं झाकण तुझ्या उजव्या करंगळीवर पडलं. साक्रीच्या दवाखान्यात मीच कडेवर घेऊन पळाले होते. ती करंगळी तेव्हापासून बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. या कागदाच्या कोपऱ्यात तूच 'उजवा' लिहिलंस, आणि करंगळी तर फुटपट्टीसारखी सरळ आहे. मी जास्त शिकलेली नाही, पण चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली. माप खोटं बोलत नाही, माप देणारा बोलतो.

आणि चव्वेचाळीस कंबर. तुझी कंबर अठ्ठावीस. मधले सोळा इंच स्वेटर असेल तर तो स्वेटर आहे की गादी?

मनन कोण आहे, किती वर्षांचा आहे, दुकानातून किती वाजता येतो, काही लिहिलं नाहीस. एका ओळीत नाव घेतलंस आणि लगेच चेलनाकडे वळलीस. मी बघते सगळं. चाळीस कंबरेच्या वरचे पुरुष भट्टीजवळ बसून काय करतात तेही मला लिहून कळव.

हे असं लिहिते म्हणून रागावू नको. तुझ्या बापाला मी सांगितलंय की मोजे विकायला करतेय. खोटं बोलले तुझ्यासाठी. आता तू माझ्याशी खोटं बोललीस तर दोन खोटी झाली, आणि कुणीतरी एक धरलं की दुसरं आपोआप येतं.

मोजे झाले, एप्रन झाले. मोज्याला आत ब्लँकेटचे तीन थर, बाहेरून रविंद्रची जुनी जीन पँट, आणि कडेला आपल्या गोधडीसारखा धावदोरा, लाल. मशीननं टीप मारली असती तर लवकर झालं असतं, पण हातशिलाई निघत नाही. इतके देखणे झालेत की मीच घालून गल्लीत एक चक्कर मारली. शेळी घाबरली. लाल कापड पिवळ्या ठिपक्यांचं मिळालं, आठवडे बाजारात पितांबरच्या गाडीवर.

एक सांगून ठेवते. उजव्या मोज्यात मी एक खूण करून ठेवलीय. काय ते सांगत नाही. ज्याचा हात आहे तो मोजा घालेल तेव्हा मला इथं बसून कळेल.

तुझी आजी
आक्काबाई


मेहरूण, जळगाव
२ डिसेंबर २०२५

आजी,
जयभीम.

उशीर झाला लिहायला. लिहू की नको करत होते.

मोजे अतिशय सुंदर आहेत. पण उजवा मनगटाशी घट्ट होता, बांगड्या अडकत होत्या. म्हणून तो अर्धाच घातला आणि ट्रे ओढला. वरच्या सळईला मनगट टेकलं. चार बोटं लांब पोळलंय, फोड आला.

मी बांगड्या घालत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा आता लपवून काही उपयोग नाही.

तो हात तारादेवींचा आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. उंच, रुंद, हसल्या की सगळं घर हलतं. जूनमध्ये एकदा पापड वाळवायला गच्चीवर आल्या, माझी नानकटाई ओव्हनमध्ये होती. दारात उभ्या राहिल्या, आत येईनात. विचारलं, हे फुगतं कसं? मी म्हटलं, या बघायला. तेव्हापासून माझ्या दर सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन ते चार वर असतात, मांगीलालजी दुकानात असताना. माझ्यापेक्षा हलका हात आहे त्यांचा. त्या चिमट्यांच्या नानकटाया त्यांच्या. त्यांच्या माहेरी जाड रोटीवर असे चिमटे काढतात, तूप जिरायला. ती सवय त्यांनी इकडे आणली. गिऱ्हाईकं आता त्याच मागतात. त्या मला म्हणाल्या, चाळीस वर्षं रांधलं पण माझ्या हातचं कुणी मागितलं नव्हतं, समोर आलं ते खाल्लं. त्यांचा वाढदिवस होता, म्हणून मोजे आणि लाल एप्रन. त्यांना नवं काही शिवून दिलेलं आवडेल असं वाटलं.

लपवायचं कारण असं की मांगीलालजींनी घरात सांगून ठेवलंय, वरचं काही खायचं नाही, वर जाऊन बसायचं नाही. तारादेवींनी माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणालाही सांगायचं नाही. तो आज मी मोडला, फक्त तुझ्यापाशी.

आता अवघड झालंय. मनगट दिसलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं, तव्याला लागलं. पण परवा मांगीलालजी गच्चीवर आले. दोरीवर दोन एप्रन वाळत होते, माझा आणि तो मोठा. त्यांनी विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, आजीचा अंदाज चुकला. ते तसेच खाली गेले. मागच्या आठवड्यात मननने माझी मैद्याची गोणी वर आणून दिली होती, तेव्हा ते जिन्याशीच होते. आजी, मनन उंच आहे, आडवा आहे. त्यांनी काय जोडलं असेल ते तुला मी वेगळं सांगायला नको. तूही तेच जोडलं होतंस.

पप्पांना काही कळू देऊ नकोस.

प्रज्ञा


साक्री
७ डिसेंबर २०२५

प्रिय प्रज्ञास जयभीम.

ती पोळली ती माझ्यामुळे पोळली.

खूण म्हणजे तीच होती. उजवा मोजा मी मनगटाशी मुद्दाम पाऊण इंच आत घेतला. पुरुषाचा हात असेल तर सरळ आत जाईल आणि काहीच तक्रार येणार नाही. बाईचा असेल तर बांगड्या अडकतील आणि तू लिहिशील. फार हुशारी वाटली मला. रत्नालासुद्धा सांगितली नाही, एकटीच हसत बसले. मला वाटलं, फार तर घट्ट आहे म्हणून उत्तर येईल, मग मी उसवून देईन. भट्टी काय उत्तराची वाट बघत बसते? चाळीस वर्षांत मी कुणाचं कापड वाया घालवलं नाही, आणि आता एका बाईचं मनगट घालवलं.

तिला माझ्या वतीनं हात जोड. कोरफडीचा गर लाव म्हणावं, टूथपेस्ट लावू नको. नवा मोजा शिवतेय, मनगटाशी चांगला सैल.

पण प्रज्ञा, शंका माझी गेलेली नाही, नुसती दुसऱ्या माणसावर जाऊन बसलीय. तारादेवी चांगली असेल. हसरी असेल. पण उद्या नवऱ्यानं समोर उभं केलं तर ती काय म्हणेल? मी जात होते वर, असं म्हणेल? की खाली मान घालून उभी राहील आणि तुला जाऊ देईल? मी अशा घरांत ब्लाउज द्यायला गेलेली आहे. ओट्यावर बसवून गोड बोलतात, मनापासून बोलतात. पण घरातल्या पुरुषाची चप्पल वाजली की त्याच बायका आपल्याला ओळखत नाहीत.

आणि वरचं खायचं नाही, हे अंड्यासाठी की आणखी कशासाठी, ते मला विचारायला लावू नको. तू घरात अंडं आणत नाहीस हे त्याला माहीत आहे ना. मग अंड्याचा प्रश्न मिटला. उरला कोणता, तो तूच बघ.

रत्ना आज परत विचारत होती, हात कुणाचा कळलं का. मी म्हटलं, माझाच, सुजला होता. तिनं मान हलवली.

तुझी आजी
आक्काबाई


मेहरूण, जळगाव
२० डिसेंबर २०२५

आजी,

थोडक्यात लिहिते. मांगीलालजींनी खोली रिकामी करायला सांगितलीय, एकतीस तारखेपर्यंत. कारण काही दिलं नाही, घरातल्या माणसांना लागणार म्हणाले. तेव्हा तारादेवी मागेच उभ्या होत्या. मान खाली. बोलल्या नाहीत. तू म्हणाली होतीस तसंच.

मननशीही ते आठ दिवस बोलत नाहीत. त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नाही.

चेलना आज हळूच सांगून गेली की त्यांनी भाडेकरारावरून आपल्या घरचा पत्ता काढलाय. पप्पांचा नंबर त्यावर जुना आहे, लागला नाही, म्हणून ते स्वतः साक्रीला येणार, पप्पांशी बोलायला. काय बोलणार ते उघड आहे. पप्पा माझं एक अक्षर ऐकून घेणार नाहीत, त्याच गाडीत बसून मला न्यायला येतील.

तरीही आजी, तारादेवींचं नाव घेऊ नकोस. त्या बोलल्या नाहीत म्हणून मी दिलेला शब्द सुटत नाही.

प्रज्ञा


साक्री
२९ डिसेंबर २०२५

प्रिय प्रज्ञास जयभीम.

काल रविवारी आले ते. आधी उतरली ती चेलना, गाडी तीच चालवत होती. मग तुझे मांगीलालजी, हातात स्वतःची पाण्याची बाटली. ती बाटली मी आधी पाहिली आणि मग माणूस. रत्ना ओट्यावर होतीच, तिला मी डोळ्यांनीच सांगितलं, आज नाही. ती बसली, पण पाय आपल्या दाराकडे करून.

तुझा बाप बाजाराला गेलेला. मी म्हटलं, येईलच इतक्यात, बसा. ते खुर्चीच्या टोकावर बसले. पाणी पुढे केलं तर म्हणाले, "आमचं बाहेरचं नसतं, बाई." मी तांब्या तिथंच ठेवला.

विचारलं, काय काम काढलंत? म्हणाले, "तुमच्या मुलाशीच बोलतो. घरातल्या पुरुषांमधलं आहे." मी म्हटलं, मला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला. तेव्हा त्यांना थोडं पुढं सरकावं लागलं. मग पिशवीतून त्यांनी तो लाल एप्रन काढला, पिवळ्या ठिपक्यांचा. माझ्या हातचा, इतक्या लांबून परत माझ्यासमोर.

"हा तुम्ही शिवला?"

"मी."

"कुणासाठी?"

प्रज्ञा, त्या वेळी ते नाव माझ्या जिभेवर होतं. बोलले असते तर तू सुटली असतीस. पण तुझं पत्र कमरेला खोचलेलं होतं, ते टोचायला लागलं. मी म्हटलं, "दादा, मी माप आलं की शिवते. नाव विचारत नाही. नाव विचारणारी शिंपीण लोकांना परवडत नाही."

ते म्हणाले, "एवढा मोठा तुमच्या नातीचा नाही."

"नाही."

"मग माझ्या मुलाचा."

चेलना मध्येच म्हणाली, "पप्पा, भय्याला अशी लेस चालेल का?" लेस मी खिशाला लावली होती, पिवळी. त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प. मला तेव्हाच शंका आली, या पोरीला बरंच ठाऊक आहे.

मला काही सुचेना. आणि मला सुचत नाही तेव्हा मी खायला काढते. तुझा नानकटाईचा दुसरा डबा, गेल्या आठवड्यात आलेला, तो उघडून समोर ठेवला. चेलनानं एक घेतली. ते नको म्हणाले. नको म्हणताना डब्याकडे पाहिलं आणि मग तिथंच बघत राहिले.

वरच्या थरात चिमट्यांच्या होत्या, सगळ्या. त्यांनी एक उचलली. उलटी केली, सरळ केली. चिमट्यांवरून अंगठा फिरवला, एकेका खळग्यावरून, जसं आपण दुसऱ्याची शिवण बघताना फिरवतो. मी सुईत दोरा ओवायचं निमित्त केलं. खूप वेळ दोरा ओवला मी. बाहेर रत्नासुद्धा खोकली नाही.

मग त्यांनी ती खाल्ली. सावकाश. चेलना खाली बघत होती.

"मनगटाला तव्यानं लागलं म्हणाली," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, एप्रनशी. "तव्याचा चटका बोटाला बसतो. वर कसा जाईल?"

मी तेव्हा एकच बोलले. म्हटलं, "दादा, तो चटका माझा आहे. मोजा मी मनगटाशी घट्ट शिवला. ज्याचा कुणाचा हात होता त्याची काही चूक नव्हती."

तेवढ्यात तुझा बाप आला, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मी म्हटलं संपलं. मांगीलालजी उठून उभे राहिले, नमस्कार केला. रविंद्र म्हणाला, कोण पाहुणे? मी बोलायच्या आधी तेच म्हणाले, "जळगावहून आलोय. प्रज्ञा राहते ते आमचं घर. अक्कांकडे मोजे शिवायला सांगायला आलो होतो."

बाई म्हणत होते ते अक्का म्हणाले, हे मी ऐकलं. कमी ऐकू येतं तरी.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मनगटापर्यंत नको अक्का, कोपरापर्यंत करा. आणि सैल. तिच्या बांगड्या बारा-बारा असतात, काढ म्हटलं तरी काढत नाही."

मी वही काढली, लिहून घेतलं. कोपर हा शब्द पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिला. तुझा बाप पिशव्या ठेवायला आत गेला तेव्हा मुद्दाम विचारलं, "पोरगी एकतीसला सामान घेऊन इकडे येणार म्हणे. मग मोजे कुठल्या पत्त्यावर पाठवू?"

त्यांनी एप्रनची घडी घालून तो पिशवीत ठेवला. म्हणाले, "त्याच पत्त्यावर. वरच्या मजल्यावर." तुझा बाप बाहेर आला तोवर हे बोलून झालं होतं, त्याला यातलं काहीच कळलं नाही.

प्रज्ञा, मला आनंद झालाय हे खरं आहे. कालपासून मी तीनदा मशीनला तेल घातलं. पण शंका आहेच. दारात नमस्कार करून गेलेली माणसं घरी पोचेपर्यंत बदलतात. दुकानदार माणूस, चार लोकांत पुन्हा बसला की त्याला पुन्हा आठवेल, वरचं खायचं नाही. म्हणून मी त्यांना तसं जाऊ दिलं नाही. म्हटलं, तुमचं पण माप द्या. बायको ट्रे काढते तर तो खाली ठेवायला कुणीतरी लागतंच. ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी ओट्यावर कागद ठेवला. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. पेन्सिल फिरवायची तर मला मनगट धरावं लागतं, ते त्यांनाही कळलं, मलाही. मी वाट पाहिली. मग त्यांनी हात कागदावर ठेवला. मी मनगट धरलं आणि पाचही बोटांभोवती सावकाश पेन्सिल फिरवली, जरुरीपेक्षा सावकाश. त्यांनी हात काढून घेतला नाही.

तो कागद आता भिंतीवर आहे, बायकोच्या हाताशेजारी. बायकोचाच हात मोठा आहे, अर्ध्या पेरानं.

निघताना ते तांब्याकडे बघून म्हणाले, "हे पाणी उकळलेलं आहे का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मग उकळा. थांबतो."

पातेलं चुलीवर ठेवलं, पाणी उकळलं, निवलं, त्याला पाऊण तास गेला. तेवढा वेळ ते तुझ्या बापाशी कापसाच्या भावाबद्दल बोलत बसले. रत्ना ओट्यावरून आत येऊन बसली, तिला मी उठवलं नाही. मग पाणी प्याले आणि गेले.

तारादेवीला इतकंच सांग की मी नाव घेतलं नाही आणि तूही घेतलं नाहीस. आता नवऱ्याला कळलंय हे तिला कळलंय का, ते मला उलट टपालानं लिही. आणि ती त्याच्यासमोर काय बोलली तेही लिही, शब्द न् शब्द. ती बोलली नसेल तर तसंही लिही. माझा तिच्यावर अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही.

कोपरापर्यंतचे मोजे पाठवू नका, न्यायलाच येतो म्हणालेत जाता जाता, या वेळी तिला घेऊन, सूर्य मावळायच्या आत जेवायला. बटाटा, कांदा, लसूण काही नको म्हणाले, वरण चालेल. तारीख मी तीनदा विचारून घेतली आणि कॅलेंडरवर तिथं लाल दोऱ्याची सुई टोचून ठेवलीय. चार जानेवारी, रविवार.

तुझी आजी
आक्काबाई